एक संग्रह, सहा कपाटं : हॉजसनच्या नेपाळी पोथ्यांचं प्रकरण

कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीकडे नेपाळहून बौद्ध संस्कृत पोथ्यांचे गठ्ठे यायला लागले ते १८२० च्या दशकात. पॅरिसच्या सोसिएते आझियातीककडे बहुतांशी त्याच ग्रंथांच्या नकला पोचल्या १८३७ मध्ये. कोलकाता जवळजवळ दहा वर्षांनी पुढे होतं. तरीही या ग्रंथांवर उभं राहिलेलं पहिलं मोठं पुस्तक १८४४ साली पॅरिसमध्ये छापलं गेलं, आणि कोलकात्याच्या पोथ्यांत काय आहे हे सांगणारं पुस्तक निघायला १८८२ साल उजाडावं लागलं. पाठवणारा माणूस एकच. मग हे असं का झालं?

नेहमी मिळणारं उत्तर सरळ आहे : फ्रेंचांना किंमत कळली, कोलकात्यात पोथ्या धूळ खात पडल्या. संग्रहालयं आणि ग्रंथसंग्रह यांच्याबद्दल बोलताना आपल्याकडे ‘धूळ खात पडल्या’ हे शब्द फार लवकर येतात. या प्रकरणात तपशील तपासत गेलं की ते उत्तर निम्मंच टिकतं. उरलेलं निम्मं जास्त उपयोगाचं आहे, कारण ते कोणत्याही अभ्याससंस्थेच्या दप्तरखान्याला लागू पडतं.

पाठवणारा

ब्रायन हॉटन हॉजसन हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. इंग्रज-नेपाळ युद्ध संपवणाऱ्या १८१६ च्या सुगौलीच्या तहानंतर काठमांडूत ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीची कचेरी, आली. तिथे तो १८२० मध्ये साहाय्यक म्हणून गेला आणि मधला थोडा काळ सोडला तर १८४३ पर्यंत राहिला, शेवटची दहा वर्षं खुद्द रेसिडेंट म्हणून. नेपाळचा कारभार तेव्हा हाती असलेल्या भीमसेन थापांच्या दरबाराला ही रेसिडेन्सी मनातून नकोच होती, त्यामुळे साहेबाला खोऱ्याबाहेर हिंडायची मोकळीक नव्हती. वेळ भरपूर आणि जागा थोडी. पक्षी, प्राणी, भाषा, जमाती, देवळं, स्तूप, पोथ्या, जे खोऱ्यात मिळेल किंवा माणसं पाठवून आणवता येईल ते त्याने गोळा केलं. चित्रं काढायला राजमान सिंह हा नेवार (काठमांडूच्या खोऱ्यातल्या जुन्या रहिवासी समाजातला) चित्रकार होता. त्याने काढलेली पक्ष्यांची आणि स्तूपांची चित्रं आजही लंडन आणि पॅरिसच्या संग्रहांत आहेत.

हॉजसन संस्कृतचा पंडित नव्हता. जे ग्रंथ त्याने जगभर पाठवले ते त्याला स्वतःला नीट वाचता येत नव्हते. पण तोपर्यंत युरोपातल्या अभ्यासकांना बौद्ध धर्म ठाऊक होता तो श्रीलंका आणि ब्रह्मदेशातल्या पालीतून, नाहीतर चिनी-मंगोल भाषांतरांतून. भारतात रचलेले संस्कृत बौद्ध ग्रंथ मूळ रूपात कुठे शिल्लक आहेत, आणि नुसते शिल्लक नाहीत तर पाठात आणि पूजेत वापरात आहेत, हे काठमांडूच्या खोऱ्यात बसून पहिल्यांदा त्याने ओळखलं. १८२८ मध्ये एशियाटिक रिसर्चेसच्या सोळाव्या खंडात त्याने तसं छापलंही. आपल्याला वाचता येत नाही ते वाचू शकणाऱ्यांपर्यंत पोचवायचं, एवढा निर्णय त्याने केला आणि तो वीस वर्षं निभावला.

अमृतानंद

हॉजसनला हे कळलं ते पाटणच्या अमृतानंदांमुळे. पाटण म्हणजे आजचं ललितपूर. तिथल्या विहारांत (नेवार लोक त्यांना बहाल म्हणतात) शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांनी संस्कृत बौद्ध ग्रंथ शतकानुशतकं नकलून ठेवले होते. अमृतानंद हे त्या परंपरेतले ज्येष्ठ पंडित. हॉजसन त्यांना प्रश्नांची यादी द्यायचा, ते उत्तरं आणि उत्तरांना आधार म्हणून ग्रंथांतले उतारे द्यायचे. कोणते ग्रंथ अस्तित्वात आहेत आणि कोणते कुठे मिळतील हे तेच सांगत. नकला करवून घेण्याचं कामही त्यांच्या ओळखीतून होत होतं. लेखनिक नेवार, कागद नेपाळी, झाडाच्या सालीपासून केलेला. कीड लागू नये म्हणून अशा कागदाला हरताळ (एक पिवळं, विषारी खनिज) लावतात, त्यामुळे अशा पोथ्या पिवळ्या दिसतात.

या प्रश्नोत्तरांतून एक घोळही झाला. बौद्धांचे ऐश्वरिक, स्वाभाविक, कार्मिक आणि यात्निक असे चार पंथ आहेत, अशी मांडणी हॉजसनच्या लेखांत आली. पुढे कित्येक दशकं ती युरोपीय पुस्तकांतून फिरत राहिली. या नावांचे चार पंथ असल्याला ग्रंथांत आधार सापडत नाही. साहेबाने बाहेरच्या चौकटीतले प्रश्न विचारले आणि पंडितांनी त्या चौकटीत बसतील अशी उत्तरं रचून दिली, असंच दिसतं. दोघांनाही दोष देण्यात अर्थ नाही. पण तोंडी मिळालेली माहिती आणि मूळ ग्रंथ यांत नंतर कोण टिकलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. हॉजसनचे लेख मागे पडले. पोथ्या अजून वाचल्या जातात.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. अश्वघोषाचं बुद्धचरित मूळचं अठ्ठावीस सर्गांचं, पण संस्कृतात चौदाव्या सर्गाच्या मध्यापर्यंतच उरलेलं. पुढचा भाग तिबेटी आणि चिनी भाषांतरांतच मिळतो. १८३० मध्ये अमृतानंदांनी या काव्याची नक्कल केली तेव्हा त्यांच्याही पोथीत काव्य तिथेच तुटलं होतं. त्यांनी पुढचा भाग स्वतः रचून चार सर्गांची भर घातली, आणि पोथीच्या शेवटी पुष्पिकेत, म्हणजे नक्कल करणाऱ्याच्या समारोपाच्या नोंदीत, तसं लिहूनही ठेवलं : सगळीकडे शोधलं, मिळालं नाही, म्हणून चौदावा, पंधरावा, सोळावा आणि सतरावा सर्ग रचला. १८९३ मध्ये एडवर्ड कॉवेल या इंग्रज संस्कृतज्ञाने बुद्धचरिताची पहिली आवृत्ती छापली ती अमृतानंदांच्या नकलेवरून उतरलेल्या पोथ्यांवरूनच. पुष्पिका होती म्हणून अश्वघोष कुठे थांबतो आणि अमृतानंद कुठे सुरू होतात हे त्याला सांगता आलं. ती शेवटची ओळ एखाद्या लेखनिकाने कंटाळून गाळली असती तर एकोणिसाव्या शतकातलं संस्कृत कित्येक वर्षं पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या अश्वघोषाच्या नावावर खपलं असतं. दप्तरखान्यात काम करणाऱ्याला यातून काय घ्यायचं ते वेगळं सांगायला नको.

इथे धर्मानंद कोसंबींची आठवण येते. १९०२ मध्ये ते बौद्ध धर्माच्या शोधात काठमांडूला गेले आणि तिथलं त्याचं रूप पाहून निराश होऊन परतले. खोरं तेच. पण अमृतानंदांसारखा वाटाड्या भेटल्याशिवाय बहालांच्या आतल्या पोथ्या चार दिवसांच्या पाहुण्याला दिसण्यासारख्या नव्हत्या.

वाटप

हॉजसनने पोथ्या एका जागी दिल्या नाहीत. कोलकात्याची एशियाटिक सोसायटी (स्थापना १७८४), लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी (१८२३), लंडनचंच इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, ऑक्सफर्डचं बोडलियन, पॅरिसची सोसिएते आझियातीक (१८२२) आणि पॅरिसमधलाच एक माणूस, यूजेन ब्यूर्नूफ, अशी सहा कपाटं. काही पोथ्या आधी फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयाकडेही गेल्या होत्या.

कुठे किती गेल्या? कोलकात्याच्या पोथ्यांवरचं ते १८८२ चं पुस्तक लिहिणाऱ्या राजेंद्रलाल मित्रांनी त्यात दिलेला हिशेब असा : कोलकात्याला ८५ गठ्ठे आणि त्यांत १४४ ग्रंथ, रॉयल एशियाटिकला ८५, इंडिया ऑफिसला ३०, बोडलियनला ७, पॅरिसची सोसायटी आणि ब्यूर्नूफ मिळून १७४. बेरीज ३८१ गठ्ठे. अभ्यासकांत फिरणारा दुसरा हिशेब असा : कोलकाता ९४, रॉयल एशियाटिक ७९, इंडिया ऑफिस ३६, बोडलियन ७, सोसिएते आझियातीक ८८, ब्यूर्नूफ ५९. बेरीज ३६३. दोन्ही हिशेबांत एकमत आहे ते फक्त बोडलियनच्या ७ वर.

यात कोणी खोटं बोललेलं नाही. एका गठ्ठ्यात पाच-सहा लहान स्तोत्रं असू शकतात, आणि प्रज्ञापारमितेसारखा एक ग्रंथ चार बस्त्यांत मावत नाही. कोणी गठ्ठे मोजले, कोणी ग्रंथ, कोणी क्रमांक. रॉयल एशियाटिकच्या छापील सूचीत क्रमांक ७९ आहेत, मित्रांकडे आकडा ८५. पाठवणाऱ्याची यादी, मिळाल्याची पोच आणि कपाटातला क्रमांक या तीन नोंदी एकमेकींशी कधी ताडून पाहिल्या गेल्या नाहीत. पाठवणाऱ्याने सहाही ठिकाणी एकच क्रमवारी दिली असती तर आज हा घोळ नसता. पण हॉजसनच्या काळात पोथी बोटीवर चढली की काम झालं असं धरत.

सहा ठिकाणी वाटण्याचा निर्णय मात्र मला बरोबरच वाटतो. आग, वाळवी, बोट बुडणं, संस्थेचा चिटणीस बदलणं, यांतली एकही गोष्ट संपूर्ण संग्रह बुडवू शकत नव्हती. शिवाय कोणाच्या हाती पडल्यावर पोथी बोलायला लागेल हे आधी सांगता येत नाही. ते पुढे दिसतंच.

कोलकाता

कोलकात्यात संस्कृतचे जाणकार कमी नव्हते. होरेस हेमन विल्सन १८३२ पर्यंत सोसायटीचा चिटणीस होता, त्यानंतर तो ऑक्सफर्डला संस्कृतचा प्राध्यापक म्हणून गेला. त्याच्या जागी आलेला जेम्स प्रिन्सेप १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडून बसला. त्या काळी सोसायटीचं सगळं लक्ष शिलालेख आणि नाण्यांकडे लागलं होतं, आणि ते लागायला हवंच होतं. त्यातच १८३५ मध्ये सरकारने संस्कृत-अरबी ग्रंथांच्या छपाईचा हात आखडता घेतला. महाभारतासह अर्धवट छापलेले ग्रंथ पुरे करण्याचं ओझं सोसायटीच्या अंगावर आलं. अशा वेळी नेवारी लिपीतल्या, पाणिनीला न जुमानणाऱ्या गाथा असलेल्या बौद्ध पोथ्या कोण हातात घेणार? सोसायटीचे पंडित न्याय, व्याकरण, स्मृती यांत मुरलेले. या ग्रंथांची भाषा त्यांना अशुद्ध वाटावी आणि मतं परकी, यात नवल नाही.

आता याच इमारतीतली दुसरी बाजू पाहा. हॉजसनने कोलकात्याला तिबेटी कांजूरही (बुद्धवचन मानलेल्या ग्रंथांच्या तिबेटी भाषांतरांचा संग्रह) मिळवून दिला होता, शंभर खंडांचा. तो धूळ खात पडला नाही. कारण अलेक्झांडर चोमा दे कोरोश हा हंगेरियन अभ्यासक लडाख-झांस्करच्या मठांत तिबेटी शिकून १८३१ मध्ये कोलकात्याला आला होता आणि सोसायटीच्या ग्रंथालयातच काम करत होता. १८३४ मध्ये त्याचा तिबेटी कोश आणि व्याकरण निघालं. पुढे एशियाटिक रिसर्चेसच्या विसाव्या खंडात त्याने कांजूरमध्ये काय काय आहे त्याचं खंडवार विवरण छापलं. ब्यूर्नूफने पॅरिसमध्ये बसून ते वापरलं.

म्हणजे संस्था तीच, देणगीदार तोच, कपाटंही बहुधा शेजारशेजारची. तिबेटी वाचणारा माणूस घरात होता म्हणून तिबेटी खंड उघडले गेले. बौद्ध संस्कृतात रस असलेला वाचक नव्हता म्हणून संस्कृत गठ्ठे बांधलेले राहिले. कोलकात्याला किंमत कळली नाही हे उत्तर इथेच ढासळतं. चोमा १८४२ मध्ये ल्हासाच्या वाटेवर असताना दार्जिलिंगला वारला, आणि त्याच्यानंतर कोलकात्यात तिबेटीचं कामही बराच काळ मंदावलं.

पॅरिस

पॅरिसमध्ये वाचक आधी होता, पोथ्या नंतर आल्या. ब्यूर्नूफ १८२६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ख्रिस्तियान लासनबरोबर पालीवर पुस्तक लिहून बसला होता. १८३२ पासून कोलेज द फ्रान्समध्ये संस्कृत शिकवत होता, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथावर काम करत होता, आणि सोसिएते आझियातीकचा चिटणीसही होता. त्याच शहरात आबेल-रेम्युझाने चिनी प्रवासी फाहियानच्या वृत्तांताचं भाषांतर केलं होतं, ते त्याच्या मृत्यूनंतर १८३६ मध्ये छापून निघालं. पाली, चिनी, संस्कृत, सगळं शेजारी. मुख्य म्हणजे पॅरिसच्या सोसायटीने हॉजसनकडे नकलांची मागणी केली होती. कोलकात्याला मिळालं ते न मागता. देणगी आणि मागणी यांतला हा फरक संग्रहांच्या इतिहासात बऱ्याचदा निर्णायक ठरतो. मागून घेतलेली वस्तू आल्या दिवशी उघडली जाते.

१८३७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या २४ पोथ्या आल्या, त्याच उन्हाळ्यात आणखी ६४. ब्यूर्नूफने आधी प्रज्ञापारमिता उघडली, तिच्यातल्या पुनरुक्तीने तो लवकरच थकला. मग सद्धर्मपुंडरीक हे महायान सूत्र हातात घेतलं आणि ते सुटेना. १८३९ मध्ये त्याचं फ्रेंच भाषांतर पुरं झालं. १८४१ मध्ये ते छापूनही तयार होतं, पण त्याने ते बाहेर काढलं नाही. पार्श्वभूमी माहीत नसलेल्या वाचकाला हा ग्रंथ समजणार नाही असं त्याचं मत पडलं, म्हणून तो प्रस्तावना लिहायला बसला. ती सहाशेहून अधिक पानांची झाली आणि १८४४ मध्ये स्वतंत्र ग्रंथ म्हणून निघाली. बौद्ध धर्म भारतीय आहे आणि तो भारतीय भाषांतल्या मूळ ग्रंथांतूनच समजून घेतला पाहिजे, ही तिची भूमिका. आज हे सांगावं लागू नये इतकं उघड वाटतं. त्या वेळी तसं नव्हतं.

पालीवरचा पुढचा भाग लिहिण्याआधीच, १८५२ मध्ये, तो गेला. सद्धर्मपुंडरीकाचं भाषांतर त्याच वर्षी, त्याच्या पश्चात प्रसिद्ध झालं. त्याची अर्पणपत्रिका हॉजसनच्या नावे आहे, ग्रंथ आणि अवशेषांच्या आधारे बौद्ध धर्माचा खरा अभ्यास सुरू करणारा म्हणून. फ्रेंच सरकारने हॉजसनला १८३८ मध्येच लेजिअन ऑफ ऑनर दिलं होतं. अमृतानंदांचं नाव अर्पणपत्रिकेत नाही.

या पोथ्यांचा प्रवास कुठवर गेला पाहा. ब्यूर्नूफने सद्धर्मपुंडरीकाचा काही भाग १८४३ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात छापला होता. एलिझाबेथ पीबडी यांनी त्याचं इंग्रजी केलं, आणि जानेवारी १८४४ मध्ये ते अमेरिकेत ‘द डायल’ या नियतकालिकात आलं. नेपाळी पोथीतला औषधी वनस्पतींचा दृष्टान्त सात वर्षांत अमेरिकन वाचकाच्या टेबलावर. कोलकात्यातली त्याच ग्रंथाची पोथी तोवर बांधलेलीच होती.

सूची कोणी केली, कधी

इथवरची हकीकत वाचून पॅरिसच्या संस्थेचं कौतुक करावंसं वाटेल. जरा थांबायला हवं. लंडनच्या ७९ क्रमांकांची सूची कॉवेल आणि एगलिंग यांनी १८७६ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. कोलकात्याच्या पोथ्यांवरचं राजेंद्रलाल मित्रांचं पुस्तक १८८२ चं. आणि पॅरिसच्या सोसायटीच्या संस्कृत-तिबेटी पोथ्यांची छापील सूची झां फिलिओझाने केली ती १९४० च्या दशकात. जिथे सगळ्यांत आधी वाचन झालं तिथे सूची सगळ्यांत शेवटी झाली, शंभरावर वर्षांनी!

याचं कारण मला असं दिसतं की ब्यूर्नूफ जिवंत असेपर्यंत तोच सूची होता. कोणती पोथी कुठे, तिच्यात काय, कोणता पाठ बरा, हे त्याला विचारायचं. तो गेला आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर गेलं. त्याच्या खासगी पोथ्या फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेल्या, सोसायटीच्या सोसायटीत राहिल्या, आणि एका माणसाच्या टेबलावर शेजारी असलेले दोन गठ्ठे दोन इमारतींत दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवले गेले. अभ्यासक-चिटणीसाच्या जोरावर चालणाऱ्या प्रत्येक लहान संस्थेची हीच गत होते. तो असतो तोवर काही अडत नाही, म्हणून कोणी काही लिहून ठेवत नाही.

कोलकात्याचं उलट झालं. तिथे ब्यूर्नूफ नव्हता, म्हणून मित्रांना सूचीच अशी करावी लागली की पोथी न उघडताही वाचकाला ती कळावी. त्यांच्या पुस्तकात नुसते क्रमांक आणि पानांचे आकडे नाहीत, प्रत्येक ग्रंथातल्या कथांचे सारांश आहेत. (मित्र या ग्रंथांकडे फार उशिरा वळले असंही नाही. ललितविस्तराचं संपादन त्यांनी १८५३ पासूनच हातात घेतलं होतं.) मध्येच ते आजारी पडले तेव्हा काही सारांशांचं काम हरप्रसाद शास्त्री या तरुणाने केलं.

त्या सारांशांचं पुढे काय झालं? रवींद्रनाथांनी ते वाचले. १९०० मधल्या ‘कथा’ या संग्रहातल्या ‘अभिसार’, ‘पूजारिणी’ या कविता, आणि १९३३ चं ‘चंडालिका’, यांची बीजं मित्रांच्या पुस्तकात आहेत. चंडालिकेची मूळ गोष्ट शार्दूलकर्णावदानातली. बुद्धाचा शिष्य आनंद विहिरीवर चांडाळकन्येकडे पाणी मागतो तो प्रसंग. आणि हरप्रसाद शास्त्री स्वतः पुन्हा पुन्हा नेपाळला गेले. तिथल्या दरबार ग्रंथालयाच्या पोथ्यांची सूची त्यांनी केली, आणि १९०७ च्या फेरीत त्यांना चर्यापदं, म्हणजे बौद्ध सिद्धांची जुन्या बंगालीतली गीतं, सापडली. १९१६ मध्ये ती छापल्यावर बंगाली साहित्याचा आरंभ काही शतकं मागे गेला.

एखाद्या सूचीने एवढं करावं ही सूचीकाराकडून ठेवायची अपेक्षा नव्हे. पण पॅरिसने पोथ्या वाचून एक शास्त्र उभं केलं, कोलकात्याने सूची करून कवी आणि शोधक उभे केले. ‘धूळ खात पडल्या’ हे शब्द इथे कसे वापरायचे ते आता ठरवायला हवं.

लंडन, आणि नक्कल की मूळ

लंडनच्या पोथ्यांबद्दल थोडक्यात. हॉजसनने बहुतेक ठिकाणी नव्या नकला पाठवल्या, पण रॉयल एशियाटिककडे काही जुनी ताडपत्रंही गेली. तिथली गंडव्यूहाची पोथी ११६६ सालची आहे. सद्धर्मपुंडरीकाची तिथली ताडपत्री पोथी केर्न आणि नांजिओ यांनी १९०८ ते १९१२ दरम्यान काढलेल्या आवृत्तीचा एक मुख्य आधार ठरली. हॉजसनची प्राण्यांची चित्रं मात्र लंडनमध्येच झूऑलॉजिकल सोसायटी आणि नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेली आणि कागदपत्रं इंडिया ऑफिसकडे. एकाच माणसाने एकाच खोऱ्यात बसून केलेलं काम विषयवार फाडलं गेलं. स्तूपाचं चित्र एका इमारतीत आणि त्या स्तूपाबद्दलच्या प्रश्नोत्तरांची टिपणं दुसऱ्या इमारतीत, असं झाल्यावर दोन्हींचं निम्मं मोल जातं.

नकला पाठवल्या म्हणून हॉजसनवर टीका झालेली आहे. नकलेत चुका वाढतात, आणि पाठचिकित्सेला जुनी पोथी हवी, हे खरंच. रेसिडेन्सीचा डॉक्टर डॅनियल राइट याने १८७३ ते १८७६ या काळात केंब्रिजसाठी पोथ्या मिळवल्या, त्यांत पुष्कळ जुनी ताडपत्रं होती. सेसिल बेंडॉलने १८८३ च्या सूचीत त्यांच्या तारखा लावल्या तेव्हा नेपाळमध्ये हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्या टिकल्या आहेत हे जगाला कळलं. विद्वत्तेच्या तराजूत राइटचं पारडं जड. पण हॉजसन नक्कल घेऊन गेला तेव्हा मूळ पोथी पाटणच्या घरातच राहिली. राइटची पोथी केंब्रिजला गेली ती गेलीच. माझं माप हॉजसनच्या बाजूने पडतं, फक्त त्याने प्रत्येक नकलेवर मूळ पोथी कोणाकडची आणि लिहिणारा कोण हे नोंदवून घ्यायला हवं होतं. अमृतानंदांनी स्वतःच्या पोथीत ते आपणहून केलं, हॉजसनच्या दप्तराने ते इतरांकडून मागितलं नाही.

आज

१९७० ते २००१ या काळात नेपाळ-जर्मन प्रकल्पाने काठमांडूत आणि देशभरच्या घराघरांत जाऊन पोथ्यांच्या मायक्रोफिल्म केल्या. पोथी मालकाकडेच राहिली. हॉजसनची पद्धत कॅमेऱ्याने केली म्हणा, या वेळी मालकाच्या नोंदीसकट.

ग्रंथही फिरत राहिले. पुंडरीकाचा पाठ लंडनच्या ताडपत्रातून केर्न-नांजिओंच्या आवृत्तीत आला. तिच्या आधारे आपल्या परशुराम लक्ष्मण वैद्यांनी दरभंग्याच्या मिथिला संस्थेसाठी १९६० मध्ये देवनागरी आवृत्ती काढली. १९५८ चा ललितविस्तर आणि १९५९ चं दिव्यावदान हेही त्याच मालेतले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे वैद्यांचं नाव आपल्याकडे ओळखीचं आहे, या बौद्ध मालेचा उल्लेख क्वचितच होतो. नाव घ्यायचं तर ते इथे घ्यायला हवं, कारण ललितपूरच्या नागार्जुन संस्थेने पुढे हे संस्कृत बौद्ध ग्रंथ संगणकावर आणले तेव्हा वैद्यांच्या या आवृत्त्या मोठ्या प्रमाणात वापरल्या.

छापील पाठ असा जोडला गेला, पोथ्या नाहीत. सहा कपाटांची एकत्र यादी करायची तर तिच्यात निदान इतकं हवं : ग्रंथाचं नाव, आजचा क्रमांक आणि जुने सगळे क्रमांक, नकलेचं साल नेपाळ संवतात जसं लिहिलंय तसं, आणि पुष्पिका पूर्ण, सारांश करून नव्हे. लेखनिकाचं नाव, दात्याचं घर, कोणत्या बहालासाठी लिहिलं, हे सगळं पुष्पिकेतच असतं आणि जुन्या सूचीकारांनी तेच बहुधा गाळलेलं असतं. एकाच लेखनिकाचा हात कोलकाता, लंडन आणि पॅरिसच्या पोथ्यांत ओळखता आला तर अमृतानंदांच्या भोवती काम करणारी माणसं किती आणि कोण, याचा पहिल्यांदा अंदाज येईल. त्यासाठी सहा संस्थांनी करार करून बसायची गरज नाही. प्रत्येकीने आपापल्या पुष्पिकांचे फोटो एका जागी ठेवले तरी काम सुरू होतं. ३६३ की ३८१ हाही प्रश्न त्यातच सुटेल. बोडलियनच्या ७ पासून आरंभ केला तर निदान पहिल्या दिवशी भांडण होणार नाही.